गोधडी : गरिबीची खूण की आपल्या आज्यांचा दस्तऐवज?

आपल्या तरुणांना गोधडी म्हटले की दोनच गोष्टी सुचतात. एक म्हणजे लाज. पाहुणे आले की गोधड्या आतल्या खोलीत जातात आणि दुकानातले ब्लँकेट बाहेर येते. दुसरी म्हणजे कौतुक. शहरातल्या प्रदर्शनात तीच गोधडी 'ग्रामीण कला' म्हणून टांगली जाते आणि आपणही तिच्यासोबत फोटो काढतो. या दोन्ही नजरा उसन्या आहेत. गोधडीचा इतिहास हा कापडाचा इतिहास आहे. आणि या देशात कापड कोणी विणायचे, कोणी चांगले नेसायचे, कोणी मेलेल्याच्या अंगावरचे उचलायचे, हे जातीने ठरवले होते.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय बघा. ५२ व्या श्लोकात चांडाळांना मृतांची वस्त्रे, फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले आहेत. हे पोथीतच राहिले असते तर वेगळी गोष्ट होती. पण महाराष्ट्राच्या गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महारांचा 'हक्क' म्हणून मोजला गेला. शिक्षेलाच हक्क म्हणायचे, ही ब्राह्मणी व्यवस्थेची जुनी युक्ती आहे.

आता आपल्या भागाकडे या. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात जाडेभरडे कापड विणणे हे महारांच्या कामांपैकी एक म्हणून नोंदवले आहे. गोंदिया तेव्हा मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होता. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. म्हणजे ज्यांना मेलेल्याचे कापड नेसायला सांगितले, त्यांच्याच हाताला माग चालवता येत होता. पुढे गिरण्या आल्या. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकणे कठीण होत गेले. मुंबईच्या गिरण्यांमध्ये तर अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या कामात, प्रवेशच नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याने विटाळ होतो! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

याच्या उलट तथागतांचे उदाहरण आहे. सुरुवातीचे भिक्खू उकिरड्यावर आणि स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, रंगवून, शिवून अंगावर घेत. त्याला पांसुकूल चीवर म्हणतात. विनयपिटकातल्या महावग्गात सांगितले आहे की मगधातली बांधांनी आखलेली शेते पाहून तथागतांनी आनंदाला तसेच चीवर करता येईल का, असे विचारले आणि आनंदाने तुकडे जोडून ते तयार केले. गोंदियाच्या माणसाला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या धानाच्या बांध्या वरून पाहिल्या तर तशाच दिसतात.

गोधडी चीवरातून जन्मली, असा माझा दावा नाही. मुद्दा वेगळा आहे. मनूने मृताचे कापड माणसावर लादले. संघात तेच कापड स्वेच्छेने घेतले गेले आणि तिथे शाक्य राजपुत्र, न्हावी उपाली आणि झाडूवाला सुनीत यांच्या अंगावर एकच चीवर आले. चिंधी कोणाला लहान करत नाही, सक्ती लहान करते. म्हणूनच बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये मनुस्मृती जाळली आणि त्याच परिषदेत स्त्रियांना सांगितले की जात ओळखू येईल असे लुगडे नेसणे आणि तसले दागिने घालणे सोडा.

या पार्श्वभूमीवर आपल्या मायची गोधडी पाहा. हे कापड कोणाच्या प्रेतावरचे नाही, कोणी फेकून दिलेले नाही. घरच्या मजुरीतून आलेले लुगडे, अंगावर विरेपर्यंत वापरलेले, मग धुऊन, थर लावून, काठापासून आत धावदोऱ्याने शिवलेले. मध्ये बापाचे धोतर, लेकराचा सदरा. धानाचे काम सरले की शेजारच्या बाया एका गोधडीभोवती बसतात. सुख-दुःख, भांडण, सोयरीक, आंदोलन, सगळे तिथेच बोलले जाते. शाळा नाकारलेल्या बाईने आपल्या घराचा हिशोब असा टाक्यांनी मांडला.

अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांचे उदाहरण आपल्याला उपयोगी आहे. अलाबामात मतदार नोंदणी केली म्हणून काळ्या कुटुंबांची कामे आणि घरे जात होती. तेव्हा १९६६ साली तिथल्या स्त्रियांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढून गोधड्या विकायला सुरुवात केली. जवळच्या जीज् बेंड गावच्या गोधड्या २००२ मध्ये मोठ्या संग्रहालयात लागल्या, त्या करणाऱ्या बायांच्या नावासकट. आपल्याकडे मात्र गोधडीखाली बचत गटाचे किंवा दुकानाचे नाव असते. शिवणारीचे नसते.

हे बदलायचे असेल तर तीन कामे करा. पहिले, किंमत. गोधडीला किती दिवस लागले ते मोजा, त्याला निदान रोजगार हमीच्या मजुरीचा दर लावा, आणि मग भाव सांगा. दुसरे, नाव. विक्रीच्या प्रत्येक गोधडीवर शिवणाऱ्या बाईचे नाव आणि गाव असलेच पाहिजे. तिसरे, नोंद. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये आणले. तसे काम गोधडीबद्दल आपल्या विहारातून होऊ शकते. मोबाईल सगळ्यांच्या खिशात आहे. आजीजवळ बसा, एकेका तुकड्यावर बोट ठेवा आणि विचारा, हे कोणाचे लुगडे, कोणत्या साली घेतले, कोणाच्या मजुरीतून?

हे विचारायला फार वेळ उरलेला नाही. विरलेली गोधडी पुन्हा शिवता येते, पण आजीसोबत गेलेली माहिती परत मिळत नाही. आपण नोंद केली नाही तर उद्या दुसरे कोणी येऊन ही 'आपली प्राचीन परंपरा' म्हणून सांगेल आणि त्यात शिवणारीही नसेल, तिची जात सोसलेली वर्षेही नसतील.

जय भीम! नमो बुद्धाय!