दिवसा लावलेला दिवा : दिवाळे आणि धनकोंना द्यावयाची वर्दी

व्यापार हा जैन समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे. जालना शहर व परिसरातील जैन घराण्यांचा इतिहास हाही बहुतांशी पेढी, आडत, कापूस, धान्य आणि सराफी यांचाच इतिहास होय. 'जालना सोने का पालना' ही म्हण या पेठेच्या वैभवातूनच जन्मास आली. अशा इतिहासात नफ्याची, दानाची, मंदिरे व स्थानके उभारल्याची नोंद अभिमानाने केली जाते. तोट्याची नोंद मात्र सहसा कोणी करीत नाही. वास्तविक चढ-उतार हा व्यापाराचा स्वभावच आहे. जी पेठ पेढ्या उभारते, तीच पेठ काही पेढ्या बुडतानाही पाहते. बुडत्या व्यापाऱ्याने आपल्या धनकोंशी कसे वागावे, या प्रश्नाला लोकरूढीने, धर्माने आणि कायद्याने आपापल्या परीने उत्तर दिले. तिन्ही उत्तरे एकमेकांशी किती जुळतात, हे पाहण्यासारखे आहे.

दिवाळे निघणे आणि दिवाळे काढणे

'दिवाळे' हा शब्द 'दिवा' या शब्दाशी जोडला जातो. देणी भागविणे अशक्य झाले की व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी, गादी उलटी करी आणि तेवढ्यावरून सारी पेठ काय ते समजे, अशी जुनी रूढी सांगितली जाते. या रूढीचा अर्थ सहज लक्षात येतो. रात्रीचा दिवा घरच्या माणसांसाठी असतो. दिवसाचा दिवा फक्त जगाला दिसावा म्हणूनच असतो. आपली स्थिती एकेका सावकाराच्या कानात न सांगता सर्वांना एकाच वेळी कळवावी, हा त्याचा हेतू होता.

मराठी भाषेने येथे एक सूक्ष्म भेदही जपला आहे. एखाद्याचे दिवाळे 'निघते', तर एखादा दिवाळे 'काढतो'. पहिल्यात दैवाचा फेरा आहे, दुसऱ्यात मनुष्याचा डाव. 'भांडखोर' या शब्दातील 'खोर' 'दिवाळखोर' या शब्दालाही चिकटला, तो या दुसऱ्या प्रकारच्या माणसामुळे असावा. लोकांचा राग न देऊ शकणाऱ्यावर नव्हता, लपविणाऱ्यावर होता.

सर्वांना एकाच वेळी कळविण्याला एवढे महत्त्व का, हे पेठेच्या व्यवहारावरून ध्यानात येते. पेढी डबघाईस आल्याची कुणकुण ज्या सावकाराला प्रथम लागे, तो धावत येऊन हाती लागेल ते वसूल करी. दूरगावचा आडत्या, ठेव ठेवून निर्धास्त असलेली एखादी विधवा, वर्षाचा पगार पेढीवरच जमा असलेला मुनीम यांना बातमी उशिरा लागे आणि तोपर्यंत तिजोरी रिकामी झालेली असे. म्हणजे कळविण्यातील विलंब हा दुर्बळ धनकोवरील अन्यायच ठरे.

जालन्याच्या व्यापाऱ्यापुढे ही अडचण अधिक बिकट होती. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्ग सुरू झाला आणि येथील कापसाला मुंबईची वाट सोपी झाली. पेढी संस्थानात, तर आडते व सराफ इंग्रजी मुलखात. संस्थानात हाली सिक्क्याचे चलन, तर मुंबईशी व्यवहार कलदार रुपयांत. कोर्टही निराळे आणि कायदाही निराळा. अशा व्यवहाराचा आधार हुंडी होता आणि हुंडीचा आधार पत. हुंडी न सकारता परत आली की पत गेली. त्यामुळे संकटात सापडलेल्या व्यापाऱ्याचे पहिले कर्तव्य कोर्टाची पायरी चढणे हे नव्हते. गावोगावच्या देणेकऱ्यांना खरी स्थिती कळविणे हे होते.

श्रावकाचे व्रत

जैन धर्माने श्रावकाला सांगितलेल्या अणुव्रतांमध्ये या कर्तव्याचे मूळ सापडते. श्वेतांबर व दिगंबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार हे दोन आहेत. खोटे दस्त करणे, खोट्या वह्या लिहिणे म्हणजे कूटलेखक्रिया. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव बुडविणे म्हणजे न्यासापहार. प्रतिक्रमणात 'थापणमोसो' हा शब्द उच्चारणाऱ्या प्रत्येक श्रावकाला हा दुसरा दोष परिचयाचा आहे.

येथे एक बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ठेव बुडविणे हा दोष अचौर्यव्रताखाली येईल, अशी सामान्य कल्पना असते. आचार्यांनी तो सत्यव्रताखाली ठेवला. पैसा जाणे ही पुढची गोष्ट; त्याआधी असत्य घडलेले असते, हे त्यांनी ओळखले होते. व्यापारात तोटा येणे हा अतिचार नव्हे. तोटा आल्यावर ठेवीदाराला अंधारात ठेवणे, वहीतील नावे गाळणे, नातलगाच्या नावे खोटे देणे दाखविणे येथे व्रतभंग सुरू होतो.

बनारसीदासांचे उदाहरण

या आचरणाचे एक सुंदर उदाहरण जैन साहित्यातच आहे. श्रीमाळ ज्ञातीचे व्यापारी व कवी बनारसीदास यांचा जन्म १५८६ मध्ये झाला. १६४१ मध्ये त्यांनी 'अर्धकथानक' या नावाने स्वतःचे चरित्र पद्यात लिहिले. आपल्या व्यापारातील अपयश त्यांनी त्यात कोठेही झाकले नाही. वडिलांनी दिलेला माल घेऊन ते आग्र्यास गेले आणि तेथे सारे भांडवल गमावून बसले. जवळ काही उरले नाही, तेव्हा ते एका कचोरीवाल्याकडून उधारीवर खाऊ लागले. उधारी वाढत गेली. तेव्हा त्यांनी स्वतःहून त्या कचोरीवाल्याला सांगितले की, आपल्यापाशी काहीही नाही, यापुढे त्याने उधार देऊ नये, कारण पैसे येतील कोठून?

ज्याच्यावर उद्याचे जेवण अवलंबून आहे, त्याच धनकोला आपली नादारी कळविणे सोपे नव्हते. परंतु कचोरीवाल्याने त्यांना वीस रुपयांपर्यंत उधार खाण्याची मुभा दिली. पुढे हाती पैसा आल्यावर बनारसीदासांनी हिशेब करून १४ रुपये चुकते केले. रक्कम लहान आहे, पण व्यवहाराचे सर्व सार तिच्यात आहे. ऋणकोने वेळेवर खरे सांगितले, धनकोने विचारपूर्वक सवलत दिली आणि देणे फिटले.

कायद्याची वाट

इंग्रजी अमलात जे काम पूर्वी रूढी करीत असे, ते कायद्याकडे आले. १८२८ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे नादार ऋणकोंसाठी न्यायालये स्थापन झाली. त्याची खरी कसोटी मुंबईत १८६५ मध्ये लागली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस बंद झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत शेअरचा सट्टा बेसुमार वाढला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्याचे सौदे पुरे करण्याच्या दिवशी, अनेक पेढ्या बुडाल्या. या पडझडीचा फटका त्या काळचे सर्वांत मोठे जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनाही बसला. मातोश्री राजाबाई यांच्या नावे मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी त्यांनी दिलेली देणगी मात्र टिकली आणि तो मनोरा आजही उभा आहे. व्यापाऱ्यांच्या गुंतलेल्या देण्या-घेण्यांचा निकाल लावण्यासाठी सरकारला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. एवढ्या मोठ्या पेठेत दिवसा लावलेला दिवा पुरेसा नाही, हे तेव्हा स्पष्ट झाले.

पुढे मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी १९०९ चा, तर इंग्रजी मुलखातील इतर भागांसाठी १९०७ चा व त्याच्या जागी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आला. धनकोंना वर्दी देण्याची पद्धत या १९२० च्या कायद्यात तपशीलवार दिसते. अर्ज करणाऱ्या ऋणकोने आपल्यावरील सर्व देण्यांचा तपशील द्यावयाचा. धनकोंची नावे व राहण्याची ठिकाणे, माहीत असतील तेवढी आणि वाजवी काळजी घेऊन शोधता येतील तेवढी, लिहून द्यावयाची. आपली सर्व मालमत्ता, तिची किंमत आणि ती कोठे आहे, हेही सांगावयाचे. अर्ज दाखल झाला की न्यायालय सुनावणीची तारीख ठरवून धनकोंना नोटीस देते. नादार ठरविल्याचा हुकूम सरकारी राजपत्रात प्रसिद्ध होतो, म्हणजे यादीतून सुटलेल्या धनकोलाही कळण्याचा मार्ग राहतो. देणे सिद्ध केलेल्या धनकोंची यादी तयार होते. ऋणकोने तडजोड सुचविल्यास त्यांची सभा बोलाविली जाते. हजर असलेल्यांपैकी संख्येने बहुमत आणि देण्याच्या रकमेने तीन-चतुर्थांश धनको अनुकूल असतील, तरच प्रस्ताव पुढे जातो व त्यालाही न्यायालयाची मंजुरी लागते.

या कायद्यातील काही तरतुदी जुन्या रूढीची आठवण करून देतात. आपण देणी थांबविली आहेत किंवा थांबविणार आहोत, अशी सूचना ऋणकोने एखाद्या धनकोला दिली, तर ती सूचना हीच नादारीची कृती मानली जाते आणि तिच्या आधारे इतर धनको न्यायालयात जाऊ शकतात. म्हणजे एकाच्या कानात सांगून भागत नाही. अर्जाच्या आधी तीन महिन्यांच्या आत, इतरांना डावलून मर्जीतल्या एका धनकोचे देणे भागविले असेल, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. वह्या नष्ट करणे, खोट्या करणे किंवा मालमत्ता लपविणे यासाठी एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे. शेवटी न्यायालय ऋणकोला देण्यांतून मुक्त करते, तेव्हाही फसवणुकीने केलेले किंवा विश्वासाने सोपविलेल्या धनाचा अपहार करून झालेले देणे सुटत नाही. प्रतिक्रमणातील थापणमोसो आणि कायद्याचे हे कलम यांच्यातील साम्य वेगळे सांगावयास नको.

अलीकडील काळ

गरिबीमुळे देणे थकलेल्या माणसाला केवळ तेवढ्या कारणाने तुरुंगात टाकता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिला. २०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता आली. व्यक्तींसंबंधीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून, कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता लागू झाला. इतर व्यक्तींसाठी १९०९ व १९२० चे कायदे तसेच ठेवण्यात आले. नव्या संहितेत अर्ज दाखल करून घेतल्यावर सात दिवसांत जाहीर सूचना काढून धनकोंकडून दावे मागविण्याची तरतूद करण्यात आली. ही सूचना एका इंग्रजी व एका प्रादेशिक भाषेतील वर्तमानपत्रात द्यावयाची आणि संकेतस्थळावरही ठेवावयाची. आपल्या भाईबंदाच्या किंवा मित्राच्या कंपनीसाठी सहज जामीन राहणाऱ्यांनी ही तरतूद अवश्य ध्यानात ठेवावी. व्यवसाय दुसऱ्याचा असला, तरी सूचनेत नाव जामीनदाराचे छापले जाते.

साधने बदलली, पेढीवरील दिव्याची जागा राजपत्राने, राजपत्राच्या जोडीला वर्तमानपत्राने आणि संकेतस्थळाने घेतली. गाभा मात्र तोच राहिला. सर्व धनकोंना, एकाच वेळी, काहीही न लपविता सांगावे. आलोचनेत एक दोष राखून बाकीचे सांगितले, तर ती आलोचना शुद्ध होत नाही, असे गुरुजन सांगतात. धनकोंच्या यादीलाही तोच न्याय लागू पडतो. अब्रूच्या भीतीने कित्येक कुटुंबे शेवटच्या दिवसापर्यंत गप्प राहतात, एकाचे देणे भागविण्यासाठी दुसऱ्याकडून अधिक व्याजाने उचलतात आणि कधी गाव, तर कधी जीवही सोडतात. बनारसीदासांनी मात्र ही वाट धरली नव्हती. समाजानेही आपल्या बाजूने एवढे करावे की, जो उघडपणे येऊन आपली अडचण सांगतो, त्याच्याकडे त्या कचोरीवाल्याच्या दृष्टीने पाहावे. धन पुन्हा मिळविता येते. ज्याने वेळेवर खरे सांगितले, त्याची पतही पुन्हा उभी राहते.