स्ट्रोकनंतर पत्ते खेळणं हाही उपचार असतो? रिक्रिएशन थेरपिस्टला नेमकं काय यावं लागतं?

स्ट्रोकमुळे हात कमजोर झालेल्या १४१ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांसोबत निम्म्या रुग्णांना व्हिडिओ गेम खेळायला दिले, तर निम्म्यांना पत्ते, बिंगो, चेंडू असे साधे खेळ. दोन आठवड्यांत प्रत्येकी एक तासाची १० सत्रं झाली. दोन्ही गटांच्या हातांत सुधारणा दिसली आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

म्हणजे महागडं यंत्र नसलं तरी चालू शकतं. पण पत्त्यांचा कॅट समोर ठेवला की उपचार झाला, असंही नाही. कोणता खेळ, कोणासाठी, किती वेळ आणि कशासाठी, हे ठरवणारं माणूस लागतं. अमेरिका आणि कॅनडात हे काम करणाऱ्यांचा स्वतंत्र पेशा आहे. त्यांना रिक्रिएशन थेरपिस्ट म्हणतात.

रिक्रिएशन थेरपिस्ट म्हणजे कोण?

फिजिओथेरपिस्टचा भर चालणं, तोल आणि ताकद यांवर असतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट अंघोळ, कपडे, जेवण अशी रोजची कामं पुन्हा शिकवतात. स्पीच थेरपिस्ट बोलणं आणि गिळणं पाहतात. रिक्रिएशन थेरपिस्टचं क्षेत्र म्हणजे माणसाचा फावला वेळ: छंद, खेळ, संगीत, बागकाम, मित्रमंडळी, बाहेर फिरणं.

अमेरिकेत 'सर्टिफाइड थेरप्यूटिक रिक्रिएशन स्पेशालिस्ट' हे प्रमाणपत्र १९८१ मध्ये स्थापन झालेली एक राष्ट्रीय परिषद देते. त्याच्या मुख्य मार्गासाठी पदवी, किमान ५६० तासांची इंटर्नशिप आणि परीक्षा लागते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. युटा, नॉर्थ कॅरोलायना अशा काही राज्यांत सरकारी परवानाही लागतो.

१. स्ट्रोकची समज

पहिली गरज ही की समोरच्या माणसाच्या मेंदूत काय बिघडलंय, ते कळलं पाहिजे. बहुतेकांच्या डाव्या मेंदूत भाषेची केंद्रं असतात. त्या बाजूला इजा झाली तर उजवं अंग लुळं पडतं आणि बोलणं अडू शकतं. उजव्या मेंदूला इजा झाली तर काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो. डोळे ठीक असतात, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही.

हे माहीत नसलेल्या माणसाला वाटेल, "यांना खेळायचंच नाही." माहीत असलेला थेरपिस्ट पत्ते हळूहळू डावीकडे सरकवतो, टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवतो आणि आधी ती पट्टी शोधायला सांगतो.

२. माणूस ओळखणं

उपचाराची सुरुवात विचारपूस आणि तपासणीने होते. स्ट्रोकआधी हा माणूस सुट्टीच्या दिवशी काय करायचा? एकटा रमायचा की चारचौघांत? घरी कोण आहे? पैसे, वाहन, जिना यांची अडचण आहे का? सोबत हालचाल, स्मरणशक्ती, लक्ष आणि मनःस्थितीची नोंद घेतली जाते.

हे टाळलं तर सगळ्यांना एकच रंगवायचं पुस्तक दिलं जातं. आयुष्यभर हिशेब सांभाळलेल्या ज्येष्ठाला लहान मुलांचं चित्र रंगवायला देणं अपमानकारक ठरू शकतं.

३. खेळाची फोड करणं

या पेशातलं हे सर्वांत महत्त्वाचं कौशल्य. पत्त्यांचा एक डाव घ्या. त्यात ताठ बसावं लागतं, पान चिमटीत धरावं लागतं, रंग आणि आकडा ओळखावा लागतो, आधी पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात आणि आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. थेरपिस्ट हे घटक सुटे करून बघतात आणि रुग्णाला झेपेल एवढीच पायरी निवडतात.

एका हाताने पत्ते धरता येत नसतील तर खाच असलेली लाकडी पट्टी वापरतात. आकडे दिसत नसतील तर मोठ्या छपाईचे पत्ते आणतात. बागकामासाठी कुंड्या टेबलाच्या उंचीवर येतात, खुरप्याला जाड मूठ बसते. जमू लागलं की काम थोडं अवघड करायचं. फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर माणूस हात टेकतो.

४. सुरक्षितता

हसत-खेळत चाललेल्या सत्रातही धोके असतात. कमजोर हात धरून रुग्णाला ओढलं तर खांद्याला इजा होऊ शकते. व्हीलचेअरचा ब्रेक लावायचा राहिला तर माणूस पडतो. गिळायला त्रास होणाऱ्याला स्वयंपाकाच्या सत्रात सहज चव घ्यायला दिलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणून स्पीच थेरपिस्टने काय खायला परवानगी दिली आहे, हे आधी पाहावं लागतं.

रक्तदाब आणि थकव्यावरही लक्ष ठेवावं लागतं. चेहरा अचानक वाकडा झाला, बोलणं अडखळलं किंवा हात खाली पडला, तर खेळ थांबवून तत्काळ वैद्यकीय मदत बोलवायची. तो नवा स्ट्रोक असू शकतो.

५. बोलता न येणाऱ्याशी बोलणं

स्ट्रोकमुळे भाषा हरवण्याला अ‍ॅफेजिया म्हणतात. यात शब्द अडतात, पण त्याचा अर्थ बुद्धी गेली असा नसतो. लहान वाक्यं बोलणं, 'हो-नाही'त उत्तर देता येईल असं विचारणं, चित्रं आणि हावभाव वापरणं, उत्तरासाठी थांबणं, हे सगळं यावं लागतं. वाक्य मध्येच आपण पूर्ण करण्याचा मोह आवरावा लागतो. काही रुग्णांना साधं वाक्य बोलता येत नाही, पण ओळखीच्या गाण्याचे शब्द गाता येतात. त्यामुळे गाण्याच्या गटात ते इतरांत मिसळू शकतात.

६. मनाची चाहूल

स्ट्रोकनंतर सुमारे एक तृतीयांश लोकांना नैराश्य गाठतं. काहींना कारण नसताना रडू किंवा हसू येतं आणि ते थांबवता येत नाही. थेरपिस्टने निदान करायचं नसतं, पण बदल ओळखून डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञाला कळवायचं असतं. ''मला यायचं नाही'' यामागे आळस आहे, थकवा आहे, लाज आहे की नैराश्य, हे ओळखणं याच कौशल्याचा भाग आहे.

७. मोजणं आणि लिहिणं

'रुग्णाने आनंद घेतला' ही नोंद पुरेशी नाही. 'टेबलापाशी २० मिनिटं आधाराशिवाय बसले, डावीकडची दहापैकी सात पानं स्वतः शोधली, दोनदा आठवण करून द्यावी लागली' अशी नोंद लागते. त्यावरूनच पुढचं उद्दिष्ट ठरतं आणि बाकीच्या टीमला उपयोग होतो.

८. घरी जाण्याची तयारी

खरी परीक्षा रुग्णालयाबाहेर असते. घरी गेल्यावर व्यायामाचा तास संपतो आणि उरलेला दिवस समोर उभा राहतो. म्हणून थेरपिस्ट रुग्णाला बाजारात, बागेत, बसमध्ये नेऊन सराव करवतात, घरच्यांना शिकवतात आणि जवळचे गट शोधून देतात.

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये ६२ जणांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, घरी जाऊन दिलेल्या अशा प्रशिक्षणामुळे छंदांतला सहभाग आणि समाधान वाढलं, नैराश्याची लक्षणं कमी झाली. मात्र ब्रिटनमध्ये ४६६ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत (२००१) ऑक्युपेशनल थेरपिस्टनी छंदांवर भर देऊनही स्पष्ट फायदा दिसला नव्हता. म्हणजे 'छंद जोपासा' एवढं सांगून भागत नाही. कार्यक्रम कसा आखला आणि राबवला, हे तपासत राहावं लागतं.

मग हा उपचार सगळीकडे का मिळत नाही?

एक कारण पैशांचं आहे. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत पुनर्वसन रुग्णालयातल्या रुग्णाला साधारणपणे दिवसाला तीन तास, आठवड्यातून पाच दिवस थेरपी मिळणं अपेक्षित असतं. २०१० पासून या तीन तासांत रिक्रिएशन थेरपी धरली जात नाही. रुग्णालय ती जादा देऊ शकतं, पण खर्च कपातीच्या वेळी आधी कात्री कशाला लागेल, हे सांगायला नको. दुसरीकडे, अमेरिकेतल्या हृदय आणि स्ट्रोक संघटनांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना स्ट्रोकनंतर छंद आणि करमणुकीला प्रोत्साहन द्यायला सांगतात.

भारतात काय स्थिती?

भारतात संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केलेल्या कायद्याच्या यादीत रिक्रिएशनल थेरपिस्टचा उल्लेख आहे. पण हे काम आपल्याकडे मुख्यतः ऑक्युपेशनल थेरपिस्टच करतात. या विषयाचं शिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये सुरू केलं.

घरात स्ट्रोकचा रुग्ण असेल तर डिस्चार्जच्या आधी थेरपिस्टला तीन गोष्टी विचारता येतात: यांना पूर्वी आवडणारी कोणती गोष्ट आता सुरक्षितपणे करता येईल? त्यासाठी काय बदल करावे लागतील? आणि कोणत्या वेळी लगेच थांबायचं? भजनी मंडळ असो, पत्त्यांचा अड्डा असो की गच्चीतल्या कुंड्या, ही उत्तरं मिळाली की घरच्यांना सुरुवात कुठून करायची ते कळतं.