नापा खोऱ्यातील ओक-पिंपात मुरवलेली मिश्र लाल वाइन : नाव आणि प्रतिष्ठेचा इतिहास

प्रस्तावना

कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्याच्या लाल वाइनचा इतिहास बहुधा कॅबर्ने सोव्हिन्यॉन या एकाच द्राक्षजातीभोवती लिहिला जातो. तथापि अनेक जातींच्या मिश्रणाला तेथे प्रतिष्ठा मिळण्यास जो विलंब लागला, त्यामागे चवीइतकाच बाटलीवरील नावाचाही प्रश्न होता. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

मिश्रणाची अप्रतिष्ठा

अमेरिकेतील १९२० ते १९३३ या काळातील दारूबंदीने वाइन उद्योग मोडकळीस आला. बंदी उठल्यानंतर मिळतील त्या द्राक्षांच्या स्वस्त वाइन ‘बर्गंडी’, ‘क्लॅरेट’ अशा उसन्या युरोपीय नावांनी विकल्या जाऊ लागल्या. त्यावर उपाय म्हणून व्यापारी व लेखक फ्रँक स्कूनमेकर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस बाटलीवर द्राक्षजातीचे नाव छापण्याचा पुरस्कार केला. ही पद्धत रुजली. मात्र त्यातूनच, जातीचे नाव म्हणजे दर्जा आणि मिश्रण म्हणजे हलका माल, असा समज दृढ झाला.

मिश्रणाचे पुनरुज्जीवन

फ्रान्समधील बोर्दो प्रांतात मिश्रण हीच प्रतिष्ठित परंपरा होती. कॅबर्ने सोव्हिन्यॉनच्या तुरटपणाला मेर्लो मार्दव देते, तर पेती व्हेर्दो रंग गडद करते. सुमारे २२५ लिटरच्या ओक-पिंपात लाकडातून अल्प प्रमाणात शिरणाऱ्या प्राणवायूमुळे टॅनिन सौम्य होते आणि भाजलेल्या लाकडाचा गंध वाइनमध्ये उतरतो. नापामध्ये जोसेफ फेल्प्स यांच्या वायनरीने १९७४ च्या हंगामापासून ‘इनसिग्निया’ हे बोर्दो पद्धतीचे मिश्रण स्वतंत्र नावाने तयार केले. १९७६ च्या पॅरिस येथील चाचणीत नापाच्या ‘स्टॅग्ज लीप’ची १९७३ ची कॅबर्ने ‘मुताँ रोथशिल्ड’च्या १९७० च्या वाइनपेक्षा सरस ठरली. पुढे त्याच मुताँचे बॅरन फिलिप द रोथशिल्ड आणि नापाचे रॉबर्ट मोंडावी यांनी भागीदारी करून १९७९ च्या हंगामापासून मिश्र वाइन केली. १९८१ च्या नापा लिलावात तिची एक पेटी २४,००० डॉलरला विकली गेली. ‘ओपस वन’ हे नाव मात्र त्यानंतर, १९८२ मध्ये ठरले.

नियम आणि नवे नाव

१९८३ पासून जातीचे नाव लावण्यासाठी त्या जातीचे किमान प्रमाण ५१ वरून ७५ टक्के करण्यात आले. ग्राहकहिताच्या या नियमामुळे ज्या मिश्रणात कोणतीही एक जात त्या प्रमाणात नव्हती, ते जातीच्या नावाला मुकले. म्हणून १९८८ मध्ये उत्पादकांनी ‘मेरिट’ व ‘हेरिटेज’ या शब्दांच्या संयोगातून ‘मेरिटेज’ हे नाव स्वीकारले.

समारोप

फसव्या नावांवरील उपायच कालांतराने चांगल्या मिश्रणाच्या वाटेतील अडसर ठरला, असे या घटनाक्रमावरून दिसते. मिश्रणाची कला जुनीच होती. नापामध्ये तिला स्वतःचे नाव मिळवावे लागले. म्हणूनच कृषी-उत्पादनाच्या इतिहासात जमीन व तंत्राइतकेच नामकरणाचे नियमही अभ्यासले जाणे आवश्यक ठरते.