एफएफआर म्हणजे काय? स्टेंट हवा की नको, हे ठरवायला मदत करणारा आकडा

घरात कुणाची अँजिओग्राफी झाली आणि रिपोर्टमध्ये ‘६०% ब्लॉकेज’ दिसलं, की पहिला प्रश्न येतो: स्टेंट टाकायचा का? अँजिओग्राफीत हृदयाची रक्तवाहिनी किती अरुंद झालीय ते दिसतं. पुढे स्नायूला रक्त पुरेसं पोचतंय का, हे नाही. मोबाईलला रेंजच्या कांड्या फुल असूनही नेट चालत नाही, तेव्हा आपण स्पीड टेस्ट करतो ना? तशीच ही टेस्ट: फ्रॅक्शनल फ्लो रिझर्व्ह, म्हणजे एफएफआर.

कसं मोजतात?
सुमारे ०.३६ मिमी जाडीची, प्रेशर सेन्सर असलेली वायर ब्लॉकेजच्या पलीकडे नेतात. मग सहसा ॲडेनोसिन हे औषध देऊन रक्तप्रवाह कमाल पातळीवर नेतात. अशा वेळी पुढच्या बारीक वाहिन्यांचा विरोध सर्वात कमी असतो, त्यामुळे दाबावरून प्रवाहाचा अंदाज येतो.

एफएफआर = ब्लॉकेजच्या पुढचा दाब ÷ महाधमनीतला दाब

महाधमनीत १०० आणि पुढे ७० असेल, तर एफएफआर ०.७०. म्हणजे जेवढं रक्त जाऊ शकलं असतं, त्याच्या साधारण ७०%च जातंय.

आकडा कसा वाचायचा?
- १.०० : अडथळा नाही
- ०.८० पेक्षा जास्त : बहुतेक वेळा स्टेंट न टाकता औषधं
- ०.८० किंवा कमी : स्टेंट किंवा बायपासचा विचार

खरंच फरक पडतो का?
२००९ मध्ये आलेल्या ‘फेम’ चाचणीत अमेरिका आणि युरोपातले १,००५ रुग्ण होते. फक्त अँजिओग्राफी पाहून उपचार केले तिथे माणशी सरासरी २.७ स्टेंट लागले. एफएफआर मोजून केले तिथे १.९. वर्षभरात मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा प्रोसिजर यांपैकी काही झालेले रुग्ण पहिल्या गटात १८.३%, तर दुसऱ्यात १३.२%. थोडक्यात, स्टेंट कमी आणि त्रासही कमी.

वायर न घालता?
सीटी स्कॅनवरून वाहिन्यांचं ३डी मॉडेल बनवून, त्यातला प्रवाह कॉम्प्युटरवर सोडवूनही एफएफआरचा अंदाज काढता येतो. हार्टफ्लो कंपनीच्या अशा सॉफ्टवेअरला अमेरिकेत २०१४ मध्ये मंजुरी मिळाली.

हे लक्षात ठेवा
हार्ट अटॅक चालू असेल, तर बंद पडलेली वाहिनी आधी उघडतात. तिथे आकड्यासाठी थांबत नाहीत. आणि एफएफआर चांगला आला म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. पण तब्येत स्थिर असेल आणि ब्लॉकेज मधलं असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा: “एफएफआर करून बघायचं का?”