ऐकलेलं कोण जपतं?

आजचा विषय विज्ञानकथेच्या श्रुतिकांचा, पण सुरुवात आम्ही नेवाशापासून करणार. आपल्याच नगर जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं नेवासे. शके 1212, म्हणजे इ.स. 1290. ज्ञानेश्वरांनी गीतेवरचं भाष्य सांगितलं ते तोंडी, समोर बसलेल्या श्रोत्यांना. ते आपल्या हाती आलं, कारण सच्चिदानंद बाबा लिहून घेत होते. पैस खांब सगळे पाहून येतात. लेखनिक मात्र चटकन कुणाला आठवत नाही.

आता एकदम लंडनला जाऊ. 23 नोव्हेंबर 1963 रोजी बीबीसीवर 'डॉक्टर हू' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. काळातून फिरणारा एक प्रवासी, आणि त्याचं यान म्हणजे पोलिसांची निळी पेटी. बाहेरून कपाटाएवढी, आतून अवाढव्य. त्या काळी टेप महाग, आणि जुने भाग पुन्हा कोण बघणार, असा हिशोब. बीबीसीनं टेप पुसल्या. साठच्या दशकातल्या नव्वदहून अधिक भागांचं चित्र गेलं. आवाज मात्र एकूण एक भागाचा शिल्लक आहे! का? तर प्रेक्षक घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसले होते. हे त्यांचे सच्चिदानंद बाबाच म्हणायचे.

ऐंशीच्या दशकात अशाच काही चाहत्यांनी हौसेनं स्वतःच्या श्रुतिका कॅसेटवर केल्या. 1989 मध्ये मालिका बंद पडली. जुलै 1999 मध्ये 'बिग फिनिश' या कंपनीनं रीतसर परवानगी घेऊन 'द सायरन्स ऑफ टाइम' ही श्रुतिका काढली. पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मकॉय हे तिन्ही जुने डॉक्टर तीत होते. त्या हौशी मंडळींपैकी काही जण इथेही होतेच. मालिका पडद्यावर परतली ती 2005 साली.

तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे आम्हाला त्या पेटीचं फार कौतुक. पडद्यावर 'आतून मोठी' दाखवायला नेपथ्य उभारावं लागतं. श्रुतिकेत दार उघडलं, आवाज घुमला, की झालं. बाकीची खोली ऐकणाराच बांधतो.

आपल्याकडे हे नव्हतं का? नभोनाट्य होतं. 'प्रपंच'मधले टेकाडे भावजी घरातलेच वाटत. विज्ञानकथा होती, 1974 मध्ये जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, तिला बक्षीस मिळालं. 1991 मध्ये आकाशवाणीवर 'मानव का विकास' ही शंभरावर भागांची विज्ञानमालिका सुरू झाली, अठरा भाषांत, मराठीतही. त्यातलं आज ऐकायला मागितलं, तर कुणाकडे मिळेल?

दुसऱ्याला कशाला बोल लावायचा? आम्हीच एकदा परग्रहावरची एक श्रुतिका रेडिओवरून टेप केली होती. पुढे घरातल्या लग्नाच्या मंगलाष्टका त्याच कॅसेटवर घेतल्या. शेवटच्या मंगलाष्टकेनंतर अजूनही अर्धं मिनिट यानाची घरघर ऐकू येते.

श्रीरामपूर, संगमनेर, पाथर्डी, कुठेही कुणाच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर आधी तिच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा मोडा. मग तिच्यावर दुसरं काही चढत नाही. हे आम्हाला तेव्हाही ठाऊक होतं.