अमोनियाचे इंधन : कार्बन नाही, मग धुरात काय?

जपानच्या ऐची प्रांतातील हेकिनान औष्णिक वीज केंद्रात २०२४ च्या एप्रिल ते जून या काळात एक महत्त्वाची चाचणी पार पडली. 'जेरा' या वीज कंपनीने 'आयएचआय' या यंत्रनिर्मात्या कंपनीच्या साह्याने एक हजार मेगावॉटच्या चौथ्या संचात कोळशाबरोबर अमोनिया जाळला. लागणाऱ्या उष्णतेपैकी २० टक्के उष्णता त्यातून मिळवण्यात आली. खतांचे आणि बर्फाचे कारखाने यांमुळे परिचित असलेला हा उग्र वासाचा वायू आता इंधन म्हणून पुढे येत आहे.

त्याचे आकर्षण उघड आहे. अमोनियाच्या रेणूत नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन अणू असतात, कार्बन नसतोच. हायड्रोजन द्रवरूप करण्यासाठी उणे २५३ अंश सेल्सिअस तापमान लागते, अमोनियाला उणे ३३ अंश पुरेसे होते. खत उद्योगामुळे त्याच्या साठवणुकीचा आणि वाहतुकीचा अनुभवही जगाला आहे. कल्पनाही नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात डिझेलची टंचाई असताना, १९४३ मध्ये बेल्जियममध्ये अमोनियावर बसगाड्या धावल्या होत्या.

ज्वलनात काय घडते?

अमोनिया पूर्णपणे जळाल्यास केवळ नायट्रोजन आणि पाण्याची वाफ उरते. हे झाले कागदावरचे समीकरण. प्रत्यक्षात अमोनिया सहजासहजी पेट घेत नाही आणि त्याची ज्योत नैसर्गिक वायूच्या ज्योतीच्या सुमारे एक पंचमांश वेगानेच पसरते. भट्टीत हवा थोडी जास्त झाली, तर इंधनातीलच नायट्रोजनपासून नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. हवा कमी पडली, तर न जळालेला अमोनिया धुराड्यातून निसटतो. ज्योतीचे तापमान उतरले, तर नायट्रस ऑक्साइड म्हणजे 'हास्यवायू' बाहेर पडतो. एक दोष आवरावा, तर दुसरा डोके वर काढतो, हीच अभियंत्यांपुढील खरी अडचण आहे.

यांतील हास्यवायू हवामानाच्या दृष्टीने सर्वाधिक घातक. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता कोंडण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे. एक किलो अमोनिया साधारण ४३५ ग्रॅम डिझेलइतकी उष्णता देतो आणि तेवढे डिझेल जाळल्यास सुमारे १.४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे किलोभर अमोनियामागे अवघा पाच ग्रॅम हास्यवायू निसटला, तरी डिझेल टाळून झालेला सारा लाभ पुसला जातो.

निसटलेला अमोनिया हवेतील नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांशी संयोग पावून अमोनियम नायट्रेट व अमोनियम सल्फेट बनवतो. हे अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात. गमतीची बाब अशी, की धुरातील नायट्रोजन ऑक्साइड नष्ट करण्यासाठी उत्प्रेरकावर जी प्रक्रिया केली जाते, तीत अमोनियाच वापरतात. मात्र तो प्रमाणाबाहेर गेल्यास पुन्हा बाहेर पडतो.

हेकिनानमध्ये नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण केवळ कोळसा जाळतानाच्या पातळीइतके किंवा त्याहून कमी राहिले, सल्फर ऑक्साइड सुमारे २० टक्क्यांनी घटले आणि हास्यवायू मोजता येण्याच्या मर्यादेखाली होता, असे कंपनीने जाहीर केले. हे निष्कर्ष आशादायक आहेत. परंतु सल्फरची घट ही मुख्यतः कोळसा कमी जाळल्याची आहे आणि भट्टीतील ८० टक्के उष्णता अजूनही कोळशाचीच होती, हे विसरता येत नाही.

जहाजांचा प्रश्न अधिक बिकट आहे. वीज केंद्रात धूर शुद्ध करणारी अवजड यंत्रणा उभारता येते. जहाजावर जागा मर्यादित आणि इंजिनावरील भार सतत बदलता. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, नियम कडक न करता जगातील सारी जहाजे अमोनियावर चालवल्यास दरवर्षी सहा लाखांपर्यंत अतिरिक्त अकाली मृत्यू ओढवू शकतात. कडक नियम आणि स्वच्छ इंजिने असतील, तर उलट आजच्यापेक्षा सुमारे ६६ हजार मृत्यू टळतील. इंधन एकच, फरक नियमांचा.

भारताचा संबंध

गुजरातमधील मुंद्रा वीज केंद्रात २० टक्के अमोनिया जाळणे कितपत शक्य आहे, हे तपासण्याचा करार अदानी पॉवर, आयएचआय व कोवा या कंपन्यांनी २०२२ मध्ये केला. खते आणि पशुधन यांमुळे गंगेच्या मैदानातील हवेत अमोनिया आधीच जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी काढलेल्या मानकांत धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि पारा यांना मर्यादा घातली. धुराड्यातील अमोनियाला नाही. परिसरातील हवेसाठी मात्र २००९ च्या मानकांत २४ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरमागे ४०० मायक्रोग्रॅम अमोनिया अशी ठरवण्यात आली.