मुंग्या, लांडगे आणि एकलहऱ्याचे तीन संच

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलंय. विषय आहे निसर्गाकडून उसन्या घेतलेल्या गणिती युक्त्या. पण मुंग्यांकडे जाण्याआधी जरा नाशिकरोडजवळ, एकलहऱ्याला थांबू.

एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र म्हणजे गोदावरीचं पाणी आणि रेल्वेने लांबून येणारा कोळसा. 1970-71 मध्ये इथे 140 मेगावॉटचे दोन संच लागले. मग 1979 ते 1981 या काळात 210 मेगावॉटचे तीन. जुने दोन केव्हाच निवृत्त झाले, आज उरलेत ते 210चे तीन, म्हणजे एकूण 630 मेगावॉट.

आता समजा, तिन्ही चालू आहेत आणि मागणी आहे 450ची. कोणी किती उचलायचं? प्रत्येकी दीडशे, असं पटकन तोंडावर येतं. पण एकाच नमुन्याचे संचसुद्धा वय आणि दुरुस्त्या यांच्यामुळे वेगळे होतात. तेवढ्याच विजेला एक जास्त कोळसा खातो, दुसरा कमी.

याचं जुनं उत्तर फार देखणं आहे. पुढचा एक मेगावॉट ज्याच्याकडे सगळ्यांत स्वस्त पडेल, त्याला तो द्यायचा. मग त्याच्या पुढचा. असं करत करत सगळ्यांचा ‘पुढचा मेगावॉट’ एकाच भावाला आला की थांबायचं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या लिऑन कर्चमायर यांनी 1958 मध्ये या विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि वीज अभियंत्यांच्या पिढ्या त्यावर वाढल्या.

अट एकच. खर्चाची रेघ गुळगुळीत वर चढणारी हवी.

आणि खरी रेघ तशी नसते हो. मोठ्या टर्बाइनमध्ये बऱ्याचदा वाफेच्या झडपा एकामागून एक उघडतात. झडप अर्धवट उघडी असली की वाफ चिंचोळ्या वाटेने घुसते आणि तिचा जोर वाया जातो. पूर्ण उघडली की नुकसान थांबतं. मग पुढची झडप, पुन्हा तेच. म्हणजे खर्चाच्या रेघेवर उंचवटे येतात. उतार पाहत जाणारं गणित पहिल्याच खड्ड्यात बसतं आणि म्हणतं, पोचलो! शेजारी याहून खोल खड्डा आहे, हे त्याला दिसतच नाही.

इथे निसर्ग येतो. तोही आधी वेगळ्याच दाराने. 1964 मध्ये बर्लिनमध्ये इंगो रेशेनबर्ग आणि त्यांच्या साथीदारांनी बिजागऱ्यांनी जोडलेली पट्टी वाऱ्याच्या बोगद्यात ठेवली. तिचे कोन नशिबावर सोडून थोडे बदलायचे, हवेचा अडथळा कमी झाला तर नवा आकार ठेवायचा, नाहीतर जुना. वाकडीतिकडी पट्टी हळूहळू सपाट होत गेली. कोन हातानेच बदलत होते! हा प्रसंग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडतो. 1975 मध्ये मिशिगनच्या जॉन हॉलंड यांचं पुस्तक आलं आणि त्यातून ‘जेनेटिक अल्गोरिदम’ घराघरात नाही, पण प्रयोगशाळांत पोचला. एक नाही, अनेक उत्तरं एकदम पाळायची. चांगल्यांची सरमिसळ करायची, मधूनच एखादा आकडा उगाच बदलायचा, वाईट उत्तरं गळू द्यायची. एखादं उत्तर खड्ड्यात अडकलं तरी बाकीची फिरत असतात.

1993 मध्ये वॉल्टर्स आणि शेब्ले यांनी हीच पद्धत झडपांच्या उंचवट्यांवर लावली. त्यांना उतार लागतच नव्हता, फक्त ‘या वाटणीचा खर्च किती’ एवढं उत्तर पुरत होतं.

मग रांगच लागली. मुंग्यांच्या वासाच्या वाटेवरून मार्को डोरिगो यांचा 1992चा प्रबंध. पक्ष्यांच्या थव्यावरून 1995 मध्ये केनेडी आणि एबरहार्ट, एक सामाजिक मानसशास्त्रज्ञ, एक विद्युत अभियंता. आपल्याकडे, पुढे पुण्यात काम केलेले आनंद कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये ‘कोहोर्ट इंटेलिजन्स’ मांडलं. त्यात प्राणी नाहीत, एकमेकांचं बघून सुधारणारी माणसं आहेत. शिवाय वटवाघळं, काजवे, लांडगे, देवमासे... आख्खं प्राणिसंग्रहालय. 2015 मध्ये केनेथ सोरेन्सन यांनी स्पष्ट विचारलं की प्राण्याचं नाव काढलं तर खाली नवीन काय उरतं? पुढे डोरिगो यांच्याच गटाने लांडगा, काजवा, वटवाघूळ उलगडून दाखवले. आत जुनीच गणितं निघाली.

माझी तक्रार मात्र लांडग्यांबद्दल नाही, आकड्यांबद्दल आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असले प्रकल्प ढिगाने होतात. त्यातले कितीतरी ‘थर्टी बस सिस्टिम’वर चालतात, आणि ते जाळं म्हणजे डिसेंबर 1961 मधला अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या वीज कंपनीचा एक तुकडा! इंजिनिअरिंग कॉलेज एकलहऱ्यातही आहे आणि वीज केंद्रही. नवा प्राणी शोधण्यापेक्षा शेजारच्या संचाची खरी कोळसा-रेघ मिळवणं अवघड आहे, पण कामाचं तेच आहे.

प्रत्यक्षात कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची, हे ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र ठरवतं, तेही मुख्यतः प्रति युनिट बदलत्या खर्चाची चढती यादी लावून. तिथे मुंगी लागत नाही. कोळशाचं रेल्वेभाडं मात्र त्या यादीत धरलं जातं. केंद्राच्या आत, संचासंचांत वाटणी करताना उंचवटे पुन्हा समोर येतात. आणि आता तर जास्तच, कारण दुपारी सौर वीज भरपूर असते आणि कोळशाच्या संचांना खाली उतरावं लागतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023च्या नियमांनी टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांपर्यंत उतरायची तयारी ठेवायला सांगितलंय. 210च्या संचासाठी ते होतात 84 मेगावॉट. एवढ्या कमी भारावर झडपा अर्ध्यामुर्ध्या उघड्या, आणि रेघ कशी वळते याचे आकडे जुन्या चाचण्यांत फारसे सापडायचे नाहीत, कारण तेव्हा संच इतका खाली चालवायचा कोणाचा विचारच नव्हता.